बॅटरी बदलण्यापूर्वी : ट्रॅक्टरच्या चार्जिंग यंत्रणेचे क्रमवार निदान

वाराणसी शहरासमोर, गंगेच्या पूर्व तीरावर रामनगर वसले आहे. काशीनरेश बलवंत सिंह यांनी अठराव्या शतकात बांधलेला किल्ला, विजेचे दिवे आणि ध्वनिक्षेपक न वापरता आजही पेट्रोमॅक्सच्या उजेडात रंगणारी महिनाभराची रामलीला आणि लालबहादूर शास्त्री यांचे वडिलोपार्जित घर ही या गावाची सर्वपरिचित ओळख. भाजीपाला उत्पादकांना मात्र हे गाव आणखी एका कारणाने ठाऊक आहे. ते कारण म्हणजे 'रामनगर भंटा' हे आकाराने मोठे, गोल वांगे. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. खानदेशात भरितासाठी जे स्थान जळगावच्या वांग्याला आहे, तेच स्थान बनारसच्या बाटी-चोख्यात या भंट्याला आहे. जळगावच्या भरीत वांग्याला असे मानांकन २०१६ मध्येच मिळालेले आहे.

दोन्ही ठिकाणच्या उत्पादकांचा प्रमुख शत्रूही एकच, तो म्हणजे शेंडे व फळे पोखरणारी अळी. या किडीचा मादी पतंग रात्री पानांवर, कोवळ्या शेंड्यांवर व कळ्यांवर सुटी सुटी अंडी घालतो. अंड्यातून बाहेर पडलेली अळी फार काळ उघड्यावर राहत नाही. काही तासांतच ती शेंड्यात किंवा फळात शिरते आणि आतील भाग खाऊन छिद्र विष्ठेने बुजवते. एकदा ती फळात शिरली की बाहेरून मारलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच या किडीच्या व्यवस्थापनात औषध कोणते यापेक्षा फवारणी केव्हा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. कामगंध सापळ्यात पतंगांची संख्या वाढलेली दिसली, नुकसानीची पातळी ओलांडली आणि सायंकाळी वारा पडला, की त्याच दिवशी फवारणी व्हावी लागते.

नेमक्या त्याच सायंकाळी ट्रॅक्टरला सेल मारावा आणि स्टार्टरने नुसता 'टक्' असा आवाज करून थांबावे, हा अनुभव अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. दुसऱ्या दिवशी मिस्त्री येतो, बॅटरी गेल्याचे सांगतो आणि नवी बॅटरी बसते. ट्रॅक्टर सुरू होतो. परंतु महिना-दीड महिन्यात पुन्हा तोच प्रकार घडतो, कारण मूळ दोष बॅटरीत नव्हताच. काही हजार रुपये खर्च झाले, फवारणीची योग्य वेळ गेली आणि रोग मात्र तसाच राहिला. प्रस्तुत लेखात चार्जिंग यंत्रणेतील दोष क्रमाने कसा शोधावा याची माहिती दिली आहे. त्यासाठी लागणारी साधने अगदी मोजकी आहेत आणि बहुतेक तपासण्या शेतकरी स्वतः करू शकतो.

यंत्रणा कशी चालते

चार्जिंग यंत्रणेचे तीन मुख्य घटक असतात : बॅटरी, अल्टरनेटर आणि व्होल्टेज रेग्युलेटर. या तिघांना जोडणाऱ्या तारा, टर्मिनल, फ्यूज आणि अर्थिंग हा चौथा घटक. तो सहसा मोजला जात नाही, पण दोषांचा मोठा वाटा याच घटकात सापडतो.

बॅटरी वीज निर्माण करीत नाही, ती वीज साठवून ठेवते. शेतावरची पाण्याची टाकी जशी विहिरीवरच्या मोटारीने भरली जाते, तशी बॅटरी अल्टरनेटरने भरली जाते. टाकी रिकामी दिसली म्हणून कोणी लगेच टाकी बदलत नाही. मोटार चालू आहे का, पाइप फुटला आहे का, कोठे तोटी उघडी राहिली आहे का, हे आधी पाहिले जाते. बॅटरीच्या बाबतीत मात्र ही साधी शिस्त पाळली जात नाही.

अल्टरनेटर पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनावर फिरतो. त्याच्या फिरत्या भागाला म्हणजे रोटरला कार्बन ब्रशांमार्फत थोडा विद्युतप्रवाह दिला की त्याचे चुंबक बनते. हे चुंबक फिरू लागले की भोवतालच्या स्थिर वेटोळ्यांत प्रत्यावर्ती वीज निर्माण होते आणि डायोड तिचे एकदिश विजेत रूपांतर करतात. रेग्युलेटर रोटरला जाणारा प्रवाह कमी-जास्त करून व्होल्टेज ठरावीक मर्यादेत राखतो. रोटरला सुरुवातीचा प्रवाह बहुतेक ट्रॅक्टरांत डॅशबोर्डवरील चार्जिंगच्या लाल दिव्यातून मिळतो. त्यामुळे या दिव्याला केवळ सूचना देणारा दिवा समजू नये. अनेक रचनांमध्ये तो यंत्रणेचाच एक भाग असतो आणि बल्ब उडाला तर अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करीत नाही. फार जुन्या ट्रॅक्टरांवर अल्टरनेटरऐवजी डायनॅमो व कट-आउट असतो. त्याची रचना वेगळी असली तरी बॅटरीच्या टर्मिनलवर घ्यावयाची मोजमापे बरीचशी तीच राहतात.

येथे एक हिशेब लक्षात घेण्यासारखा आहे. डिझेल इंजिन सुरू करताना स्टार्टर ३०० अँपिअर प्रवाह घेतो आणि इंजिन ५ सेकंदांत सुरू होते असे धरले, तर खर्च झालेली वीज अर्ध्या अँपिअर-तासापेक्षाही कमी भरते. अल्टरनेटर चांगला असेल तर ही तूट तीन-चार मिनिटांत भरून निघते. याउलट ५५ वॉटचा मागचा एक दिवा रात्रभर, म्हणजे सुमारे १० तास, चालू राहिला तर ४५ अँपिअर-तास खर्च होतात. ८० अँपिअर-तासांची बॅटरी त्यात अर्ध्याहून अधिक रिकामी होते. म्हणजेच केवळ सेल मारण्याने बॅटरी सहसा उतरत नाही. ती भरली जात नसते किंवा कोठेतरी गळत असते, आणि निदानाचा आरंभ याच दोन शक्यतांपासून करावयाचा असतो.

निरीक्षण आधी, उपाय नंतर

एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा पहिला धडा असा की पिकाचे सर्वेक्षण केल्याशिवाय फवारणीचा पंप उचलू नये. पाने वाकडी झाली म्हणून लगेच कीटकनाशक मारणारा शेतकरी फुलकिडे, कोळी, विषाणू आणि अन्नद्रव्यांची कमतरता यांत फरक करीत नाही. त्यामुळे त्याचा खर्च वाढतो आणि कीड मात्र कायम राहते. 'ट्रॅक्टर सुरू होत नाही' हेदेखील असेच एक लक्षण आहे. त्यामागे उतरलेली बॅटरी, गंजलेले टर्मिनल, सैल पट्टा, झिजलेले ब्रश, जळालेला डायोड, बिघडलेला रेग्युलेटर, विजेची गळती किंवा खुद्द स्टार्टरचा दोष, यांपैकी काहीही असू शकते. लक्षण एक आणि कारणे आठ, अशा वेळी अंदाजाने सुटा भाग बदलणे म्हणजे कीड न ओळखता केलेली फवारणीच होय.

या कामासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर, पाणी घालता येणाऱ्या बॅटरीसाठी एक हायड्रोमीटर, वायर ब्रश, पाना आणि मोजमापे लिहून ठेवण्यासाठी वही एवढे साहित्य पुरेसे आहे. एकदा घेतलेल्या नोंदीपेक्षा हंगामागून हंगाम घेतलेल्या नोंदी अधिक बोलक्या असतात.

पहिली पायरी : डोळ्यांनी व हातांनी तपासणी

इंजिन बंद असताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. टर्मिनल : बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट क्षार साचले आहेत का आणि क्लॅम्प हाताने हलतो का, हे पाहावे. विद्राव्य खते किंवा फवारणीचे द्रावण वाहून नेणाऱ्या ट्रॅक्टरवर गंजण्याची ही क्रिया अधिक वेगाने होते.

२. पट्टा : दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारण १० ते १५ मिलिमीटर खाली जावा. नेमकी मर्यादा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेली असते. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकाकत असतील किंवा आतून भेगा पडल्या असतील तर तो घसरतो. दिवे लावताच पट्टा किंचाळणे ही त्याचीच खूण होय.

३. बॅटरीचे पाणी : प्रत्येक कप्प्यातील पातळी प्लेटांच्या वर असावी. पातळी कमी असल्यास केवळ शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घालावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी, तसेच आम्ल, कधीही घालू नये.

४. अल्टरनेटर : त्याच्या हवेच्या जाळीत भुसा, चिखल किंवा तेल साचलेले नसावे. हंगामाबाहेर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांत कुंभारीण माशी अशा जागी मातीची घरटी करते. हवा अडली की अल्टरनेटर तापतो आणि आतील डायोड लवकर खराब होतात. उंदरांनी कुरतडलेल्या ताराही याच वेळी शोधाव्यात.

५. लाल दिवा : किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, चार्जिंगचा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर तो पूर्ण विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही दिवा लागत नसेल तर बल्ब, फ्यूज, तार किंवा अल्टरनेटरचे ब्रश यांवर संशय घ्यावा. इंजिन चालू असतानाही दिवा तसाच राहत असेल तर अल्टरनेटर वीज देत नाही. दिवा मंद तेवत असेल तर डायोड किंवा एखादी जोडणी सदोष असण्याची शक्यता असते.

आढळलेले दोष येथेच दूर करावेत. टर्मिनल काढून वायर ब्रशने घासावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, कोरडे करून घट्ट बसवावे आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. सोड्याचे पाणी बॅटरीच्या कप्प्यांत जाऊ देऊ नये. अनेक ट्रॅक्टरांचे दुखणे या पहिल्या पायरीवरच संपते.

दुसरी पायरी : विश्रांतीतील व्होल्टेज

ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यानंतर सकाळी, सेल मारण्यापूर्वी, बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजावे. नुकतेच इंजिन बंद केलेले असेल तर पुढचे दिवे दोन मिनिटे लावून बंद करावेत आणि थोडा वेळ थांबून मोजमाप घ्यावे, अन्यथा वरवरचा भार खोटा आकडा दाखवतो. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी आकड्यांचा अर्थ असा :

१२.६ व्होल्ट किंवा अधिक : पूर्ण भरलेली
१२.४ व्होल्ट : सुमारे तीन-चतुर्थांश
१२.२ व्होल्ट : सुमारे निम्मी
१२.० व्होल्ट : सुमारे एक-चतुर्थांश
११.८ व्होल्टच्या खाली : जवळजवळ रिकामी

१२.६ आणि १२.० यांत फरक केवळ ०.६ व्होल्टचा आहे, पण तेवढ्यातच भरलेली आणि रिकामी होत आलेली बॅटरी यांतील अंतर सामावलेले आहे. म्हणून काटा हलणाऱ्या जुन्या मीटरपेक्षा डिजिटल मीटर वापरावा.

पाणी घालता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांतील द्रावणाची घनता पाहावी. भरलेल्या बॅटरीत ती साधारण १.२६ च्या आसपास असते आणि निम्म्या भरलेल्या बॅटरीत १.२० च्या जवळ येते. सर्व कप्प्यांत घनता सारखीच कमी असेल तर बॅटरी फक्त उतरलेली आहे, ती चार्ज करावी. एकाच कप्प्यात ती इतरांपेक्षा ०.०५ किंवा त्याहून अधिक कमी असेल तर तो कप्पा निकामी होत आहे. बॅटरी बदलण्याचा निर्णय घेण्यासाठी हा सबळ पुरावा होय.

तिसरी पायरी : सेल मारताना

मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांवरच ठेवून दुसऱ्या व्यक्तीस सेल मारण्यास सांगावे. चांगल्या, भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज या काळात ९.६ च्या खाली जाऊ नये. विश्रांतीत १२.६ दाखवणारी बॅटरी सेल मारताच ७ किंवा ८ वर कोसळत असेल तर ती आतून थकलेली आहे किंवा स्टार्टर प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत आहे. याउलट व्होल्टेज १२ च्या वरच राहिले आणि स्टार्टर फिरलाच नाही, तर दोष बॅटरीत नसून जोडणी, सोलेनॉइड, सुरक्षा स्विच किंवा स्टार्टरमध्ये आहे. या एका मोजमापाने कितीतरी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जाण्यापासून वाचू शकतात.

चौथी पायरी : चार्जिंग व्होल्टेज

इंजिन सुरू करून वेग मध्यम ठेवावा आणि पुन्हा बॅटरीच्या टोकांवर मोजमाप घ्यावे. निष्कर्ष तीन प्रकारचे असू शकतात.

व्होल्टेज १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर चार्जिंग योग्य आहे. आता पुढचे-मागचे सर्व दिवे लावावेत. व्होल्टेज किंचित कमी होऊन १३.५ च्या वर टिकत असेल तर अल्टरनेटर भार पेलत आहे असे समजावे.

व्होल्टेज १३.२ पर्यंतही पोहोचत नसेल आणि इंजिनाचा वेग वाढवूनही फरक पडत नसेल तर चार्जिंग अपुरे आहे. पट्टा, लाल दिव्याचे सर्किट, ब्रश, रेग्युलेटर आणि डायोड या क्रमाने तपासणी करावी. सर्वांत स्वस्त व सहज दिसणारे कारण आधी तपासावयाचे, हे या क्रमामागील तत्त्व होय. ब्रश झिजणे ही सामान्य बाब असून अनेकदा तेवढेच बदलून अल्टरनेटर पूर्ववत होतो. मात्र पूर्ण उतरलेली बॅटरी जोडलेली असेल तर सुरुवातीस व्होल्टेज कमी दिसणे स्वाभाविक आहे. म्हणून ही तपासणी बॅटरी चार्ज करून घेतल्यावरच करावी.

व्होल्टेज १४.८ च्या वर सतत राहत असेल तर चार्जिंग प्रमाणाबाहेर होत आहे. बॅटरीचे पाणी वारंवार आटणे, आम्लाचा उग्र वास येणे आणि बल्ब पुन्हा पुन्हा उडणे ही त्याची लक्षणे होत. दोष बहुधा रेग्युलेटरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये असतो. तो दुरुस्त न करता नवी बॅटरी बसवली तर तीही काही महिन्यांतच जाते.

डायोडचा दोष ओळखण्यासाठी इंजिन चालू असताना मल्टिमीटर प्रत्यावर्ती व्होल्टेजवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर लावावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आकडा दिसल्यास एखादा डायोड गेलेला असण्याची शक्यता असते. असा डायोड चार्जिंग कमी करतो आणि इंजिन बंद असताना बॅटरीतील वीज उलट वाहून जाऊ देतो. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला तर हाच संशय बळावतो.

पाचवी पायरी : वाटेत हरवणारी वीज

कधी कधी अल्टरनेटर पूर्ण व्होल्टेज देतो, पण ते बॅटरीपर्यंत पोहोचत नाही. हे शोधण्यासाठी इंजिन चालू व सर्व दिवे लावलेले असताना मल्टिमीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य जाड तारेच्या नटावर आणि दुसरे टोक बॅटरीच्या धन टोकावर ठेवावे. आकडा ०.३ व्होल्टपेक्षा कमी असावा. त्यानंतर अल्टरनेटरचे धातूचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातील फरक मोजावा. तो ०.२ व्होल्टच्या आत असावा. यापेक्षा अधिक फरक आढळल्यास त्या मार्गात गंजलेली किंवा सैल जोडणी आहे. इंजिनापासून चासीपर्यंतची अर्थिंगची पट्टी ही या दोषाची नेहमीची जागा. तिचा नट काढून, रंग व गंज खरवडून, घट्ट बसवणे एवढाच त्यावर उपाय असतो.

सहावी पायरी : रात्रीतून उतरणारी बॅटरी

चार्जिंग योग्य, बॅटरी चांगली, तरीही चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला की सेल लागत नाही, अशा वेळी गळती शोधावी. इंजिन व सर्व दिवे बंद करून किल्ली काढावी. बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवून, ते टोक व तार यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या मापावर जोडावा. मीटर असा जोडलेला असताना सेल मारू नये, मीटर जळतो. सामान्य ट्रॅक्टरमध्ये ही गळती ०.०५ अँपिअरच्या आत असावी. ती अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास वाहून जातात आणि ८० अँपिअर-तासांची बॅटरी आठवडाभरात रिकामी होते. मीटरवर लक्ष ठेवून एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा खाली येतो, दोष त्याच शाखेत असतो. किल्लीला वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेले टेप, मोबाइल चार्जर आणि वाढीव दिवे या गळतीस बहुधा कारणीभूत असतात.

फवारणीच्या सायंकाळचा वाढीव भार

वांग्याच्या फुलांवर मधमाश्या व भुंगे दिवसा येतात, म्हणून फवारणी सायंकाळी करण्याची शिफारस केली जाते. ही शिफारस योग्यच आहे, परंतु तिच्यामुळे ट्रॅक्टरवरील विजेचा भार वाढतो याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. पुढचे व शेपटीचे दिवे मिळून सुमारे १० अँपिअर, मागचे ५५ वॉटचे दोन दिवे ९ अँपिअर, १२ व्होल्टवर चालणारा फवारणी पंप सुमारे ७ अँपिअर, म्हणजे एकूण २६ अँपिअर होतात. अल्टरनेटरवर ३६ अँपिअर लिहिलेले असले तरी तो आकडा पूर्ण वेगाचा असतो, मंद वेगावर उत्पादन त्याहून बरेच कमी होते. पीटीओवर चालणाऱ्या पंपासाठी इंजिनाचा वेग वाढवावाच लागतो, त्यामुळे अल्टरनेटरही पुरेसा फिरतो. विजेवरच्या पंपासाठी मात्र वेगाची गरज नसल्याने चालक इंजिन मंद ठेवतो. अशा स्थितीत तासाला १० अँपिअर-तासांची तूट येत असेल तर तीन तासांच्या फवारणीत बॅटरीतील ३० अँपिअर-तास खर्च होतात. टाकी पुन्हा भरण्यासाठी इंजिन बंद केले की सेल लागत नाही, तो या कारणाने.

यावर उपाय सोपे आहेत. मागचे हॅलोजन दिवे काढून १८ ते २० वॉटचे एलईडी दिवे बसवावेत, इंजिनाचा वेग थोडा अधिक ठेवावा आणि वाढीव उपकरणे रिले व फ्यूजसह, किल्लीच्या ताब्यात राहतील अशी जोडावीत. बॅटरीवर विश्वास नसल्याने दिवसभर इंजिन चालू ठेवणे किंवा ट्रॅक्टर उतारावर उभा करणे हे दोषावरचे पांघरूण होय. त्यात डिझेल जाते आणि उतारावरचा ट्रॅक्टर अपघातालाही कारणीभूत होऊ शकतो.

टाळावयाच्या चुका

अल्टरनेटर काम करतो की नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. ती डायनॅमोच्या काळातील असून अल्टरनेटरसाठी घातक आहे. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणार्धात उसळते आणि डायोड व रेग्युलेटर जळतात. जी तपासणी निरोगी यंत्राला आजारी करते, ती तपासणी नव्हे. मल्टिमीटरने तेच उत्तर कोणताही धोका न पत्करता मिळते.

बॅटरी काढताना ऋण तार आधी काढावी आणि बसवताना ती शेवटी जोडावी. धन व ऋण टोकांची अदलाबदल झाल्यास डायोड तत्काळ जळतात. ट्रॉली किंवा अवजार ट्रॅक्टरला जोडलेले असताना वेल्डिंग करावयाचे असल्यास आधी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी, आगकाडी किंवा ठिणगी नसावी. आम्ल डोळ्यांत गेल्यास डोळे किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. पूर्ण उतरलेली बॅटरी ट्रॅक्टरवरच भरून येईल अशी अपेक्षा ठेवू नये. ती बाहेरील चार्जरवर, क्षमतेच्या एक-दशांश प्रवाहाने, म्हणजे ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीस ८ अँपिअरने, चार्ज करावी. उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर कठीण सल्फेटचा थर बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते.

हंगामाशी जोडलेले वेळापत्रक

बॅटरीचे आयुष्य उन्हाळ्यात कमी होते, पण तिची परीक्षा हिवाळ्यात होते. वाराणसी परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. त्या उष्णतेत बॅटरीचे पाणी आटते आणि प्लेटांची झीज वाढते. हे नुकसान त्या वेळी दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात, भंट्याची तोडणी ऐन भरात असताना, थंड इंजिनाचे तेल घट्ट होते, स्टार्टरला अधिक जोर लागतो आणि बॅटरीची ताकद मात्र थंडीने घटलेली असते. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातही हेच चक्र दिसते. यास अनुसरून उन्हाळ्यात दर पंधरवड्यास पाण्याची पातळी, पावसाळ्यानंतर टर्मिनल व अर्थिंग आणि थंडीच्या तोंडावर सहाही पायऱ्यांची पूर्ण तपासणी करावी. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर ऋण तार सोडवून ठेवावी व महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी फवारणी तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणात नोझल, दाब आणि द्रावणाचे प्रमाण यांच्या जोडीने या तपासणीचे अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक अवश्य ठेवावे. अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांवर तर प्रत्येक ट्रॅक्टरसाठी विश्रांतीतील, सेल मारतानाचे आणि चार्जिंगचे असे तीन व्होल्टेज नोंदवणारी वही असणे इष्ट. तिथल्या एका ट्रॅक्टरच्या बिघाडाने एकाच नव्हे, तर रांगेत असलेल्या अनेक शेतकऱ्यांच्या फवारण्या लांबतात.

कामगंध सापळ्यातील पतंगांची मोजणी करणारा शेतकरी फवारणीचा दिवस साधारण दोन दिवस आधी ओळखू शकतो. त्या दोन दिवसांतील एका सकाळी, सापळे पाहून परतताना, मल्टिमीटर बॅटरीवर लावावा. १२.४ च्या खाली आकडा दिसला तर बॅटरी चार्ज करण्यास आणि कारण शोधण्यास अजून वेळ असतो. अळी फळात शिरल्यानंतर तो उरत नाही.